वैद्यबुवांचा हातगुण

वैद्यबुवांनी आयुष्यात कधी कुणाची नाडी पाहिली नव्हती. स्वतःला ताप आला तरी थर्मामीटर बायकोकडे देऊन 'किती आहे गं?' असं विचारणारा माणूस. तरीही कंपनीत त्यांना सगळे वैद्यबुवाच म्हणत. मागच्या खोलीतला सर्व्हर आजारी पडला की बोलावणं त्यांना जाई, आणि बुवांनी येऊन त्याच्या पत्र्याच्या पाठीवर पंजा ठेवला की तो बरा होई. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. "यांच्या हाताला गुण आहे," असं पहिल्यांदा त्यांच्या साडूनं म्हटलं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि कंपनीचा मालकही तोच. मालकानं म्हटल्यावर तो गुण बाकीच्यांनाही स्वच्छ दिसायला लागला.

कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या पाच खोल्या. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यांना लागणारा प्रोग्राम इथं तयार व्हायचा. डॉक्टरनं कागदावर नंबर लिहून दिला की काच कुठं, किती आणि कशी घासायची हे यंत्राला सांगणारा. रोज त्यात काहीतरी बदल व्हायचा आणि मग बिल्ड करावं लागायचं, म्हणजे सगळ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी आणि तक्ते गोळा करून त्यांचा एक चालता प्रोग्राम बांधायचा. हे काम सर्व्हर रोज सकाळी दहाला आपण होऊन करी. शेवटी हिरवी ओळ आली की सगळे चहाला जात. लाल आली की सगळे बुवांकडे बघत.

बुवांनी एकोणीस वर्षांत अकरा दिवस रजा घेतली. अकराच्या अकरा दिवस बिल्ड लाल. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला तीन दिवस गेले, तेव्हा तिन्ही दिवस लाल. मुलीला कॉलेजात सोडायला गेले, लाल. सासरे गेले तेव्हा तर दोन्ही जावई मांडीला मांडी लावून बसले होते आणि मालक-जावयाच्या फोनवर बातमी आली. त्यानं थोरल्याच्या कानात सांगितलं, "साडूभाऊ, तुम्ही जरा जाऊन हात लावून या. इथलं रडणं मी बघतो."

बुवा गेले. त्यांची पद्धत ठरलेली होती. आल्या आल्या बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवायची. आपला कॉम्प्युटर बंद असेल तर चालू करायचा. तो बंद कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. माणूस रजेवर तसं मशीनही रजेवर, यात काय विचारायचं? मग एक कप चहा घ्यायचा, कारण रिकाम्या पोटी गुण येत नाही, असं त्यांचं मत. मग मागच्या खोलीत जाऊन सर्व्हरवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं. घे रे आता." कुणीतरी बटण दाबी. चार मिनिटांनी हिरवी ओळ. सासऱ्यांच्या दिवशीही आली. बुवा परत जाऊन पुन्हा मांडी घालून बसले तेव्हा बायकोनं रडता रडता मान वर करून विचारलं, "झालं का हो चालू?"

बायकोला या गुणाचं अप्रूप असायला कारण होतं. धाकटीचा नवरा मालक आणि थोरलीचा नवरा तिथं नोकरीला, हा काटा एकोणीस वर्षं घशात होता आणि तो तिनं हातगुणाच्या घोटासरशी खाली उतरवला होता. "कंपनी तुझ्या यांची असेल गं," ती बहिणीला म्हणे, "पण चालते कुणाच्या हातानं?" घरातला मिक्सर बंद पडला की बायको तोही बुवांसमोर आणून ठेवी. बुवा हात लावीत. मिक्सर बंदच राही. घरच्यांना कदर नसते, ती मिक्सरलाही नाही, असं समजून ती तो दुरुस्तीला पाठवी.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हा संसार उभा होता ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही हिच्याकडे बघणार नाही. गिऱ्हाईक कारखान्यांनी वेगळ्याच सिस्टीमवर चालणारी नवी मशिनं घ्यायला सुरुवात केली. प्रोग्राम तिकडे नेणं भाग पडलं. आणि त्यासाठी मालकानं एक नवी इंजिनीअर आणली.

ही बाई पस्तीस-छत्तिशीची. बोलणं कमी, आणि जे होतं त्यातलं निम्मं म्हणजे एकच शब्द: "कशावरून?" चहा गार झाला म्हटलं तरी कशावरून. आठ दिवसांत तिचं नाव कशावरूनबाई पडलं. तिला ते कळलं तेव्हा तिनं विचारलं, "मीच कशावरून?" सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर धन्यवाद. हातगुणाची गोष्ट तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि चष्मा पुसत म्हणाली, "अकरा रजा आणि अकरा लाल. यावरून हातात गुण आहे असं कसं ठरतं? रजेत दोष आहे असंही ठरेल की."

सगळे हसले. बुवाही हसले, पण जरा उशिरा.

सहा महिने संपायला एक आठवडा उरला तेव्हा मालकानं दोघांना खोलीत बोलावलं.

"शुक्रवारी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बघायला येतंय," तो म्हणाला. "नव्या मशीनवर दहाला आपोआप बिल्ड झालं पाहिजे. कुणी हात न लावता. म्हणून साडूभाऊ, तुम्ही त्या दिवशी रजेवर."

"मी रजेवर?" बुवांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही असलात की लोक म्हणणार, माणसाच्या जिवावर चाललंय. आणि बाई, शुक्रवारी हिरवं तर तुम्ही पक्क्या. लाल तर..." त्यानं हात असा उघडला की त्यातून एखादी चिमणी उडून गेली असती.

"आणि मग माझं?" बुवांनी विचारलं.

"तुमचं काय? नव्या मशीनला वैद्य लागणार नाही म्हणतात. दाराजवळचं तक्रारींच्या फोनचं टेबल रिकामंच आहे. माणसांना धीर द्यायला तुमच्यासारखा कोण मिळणार?"

त्या टेबलावर माणूस सहा महिन्यांच्या वर टिकत नसे. दिवसभर कानात शिव्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण छत्री तिथंच झटकून आत जाई. बुवा घरी गेले आणि बायकोला एवढंच म्हणाले की जागा बदलायचं चाललंय. ती म्हणाली, "खिडकीजवळची मागा." थोरल्या जावयाला दाराशी बसवणार आहेत, हे तोंडातून निघेना. रविवारी धाकटी यायची होती.

सोमवारपासून बुवा आणि कशावरूनबाई मीटिंगच्या खोलीत नव्या मशीनसमोर बसले. इतके महिने बाईनं प्रोग्रामचा एकेक तुकडा तिकडे नेला होता; सगळं एकत्र बांधायच्या पहिल्याच बिल्डला तीनशे बारा एरर आल्या. जुन्या सिस्टीममध्ये फाइलचा पत्ता लिहिताना मधली तिरकी रेघ डावीकडे झुकते, नव्या सिस्टीममध्ये उजवीकडे. एवढ्या एका रेघेवरून एकशे चाळीस भांडणं. बांधाच्या रेघेवरून सख्ख्या भावांतही इतकी होत नाहीत. जुनी सिस्टीम प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारी एक खूण जास्तीची ठेवून देते. नवीला ती दाताखाली आलेल्या खड्यासारखी लागते आणि ती अख्खा घास थुंकते. काही ठिकाणी तर जुनी सिस्टीम 'हे जरा संशयास्पद आहे' अशी सूचना देऊन पुढे जायची आणि लोक ती न वाचता चहाला जायचे. नवी तिथंच मांडी ठोकून बसली.

"हे कुठल्या गाढवानं लिहिलंय?" बुवा दर अर्ध्या तासाला म्हणत.

बाई बदलांची नोंद उघडून बघे आणि म्हणे, "तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बुवांनी विचारणं सोडलं.

पण एक सांगायला हवं. बुवांना काम येत होतं. गुणाच्या गोंगाटात ही गोष्ट सगळे विसरले होते, ते स्वतःसुद्धा. मंगळवारी संध्याकाळी तीनशे बारापैकी तीनशे अकरा निघाल्या, त्यातल्या दोनशेच्या वर बुवांनी काढल्या, आणि त्यासाठी कुठंही पंजा ठेवावा लागला नाही. उरली ती एक: 'वक्रांचं कोष्टक सापडत नाही.'

कोष्टक म्हणजे कुठल्या जाडीच्या काचेला किती गोलाई द्यायची त्याचा तक्ता. तो नसेल तर प्रोग्राम म्हणजे नुसता पोकळ वासा. बिल्ड कसं करायचं त्याची जुनी कृती वाचली तर तिथं एकच ओळ: 'Z मधून कोष्टक आण.' जुन्या सिस्टीममध्ये कप्प्यांना अशी अक्षरं देतात, नव्या सिस्टीममध्ये ती भानगडच नाही.

"Z म्हणजे कुठं?" बाईनं विचारलं.

"सर्व्हरमधलाच एखादा कप्पा असणार."

"कशावरून?"

"अहो, आणखी कुठं असणार? उद्या सकाळी बघू."

बुधवारी बुवा सकाळी नऊला आले. डोक्यात Z. सोमवार-मंगळवारी आधी आपल्या टेबलाशी जाऊन बॅग अडकवली होती. आज मात्र बॅगेसकट थेट मीटिंगच्या खोलीत शिरले. दहा वाजले आणि जुन्या सर्व्हरवरचं बिल्डही लाल झालं.

कंपनीत एकच आरडाओरडा. नवं चालत नाही, ते समजू शकतो, पण जुन्याला काय धाड भरली? बुवा तर इथंच आहेत, रजेवर नाहीत! "बुवा, हात लावा," असा गजर झाला. बुवा उठले. आज चहाही घेतला नाही, पण प्रसंग बाका होता. मागच्या खोलीत दहा-बारा जण दाटीवाटीनं उभे. बुवांनी सर्व्हरवर पंजा ठेवला, डोळे मिटले. "हं. घे रे आता."

चार मिनिटांनी लाल.

"दुसरा हात लावून बघा," कुणीतरी सुचवलं.

दुसरा लावला. लाल. दोन्ही लावले. लाल. मालक स्वतः येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, तब्येत बरी आहे ना?" हे विचारताना तो बुवांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होता.

बुवांनी हात खिशात घातले आणि बाहेर आले. आपल्या टेबलाकडे गेले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. तिथं केर काढणाऱ्या मावशी टेबलाखालून फडकं ओढत होत्या. रोज साडेनऊला येत आणि दहा-साडेदहापर्यंत पाचही खोल्या आटपत.

"दादा, आज तुम्ही आहात होय?" मावशी म्हणाल्या. "खुर्चीला बॅग नव्हती म्हणून म्हटलं रजेवर. मी आपलं बंद केलं मशीन."

"बंद केलंत? का?"

"का म्हणजे? माणूस नाही तिथं मशीन कशाला जळतंय? इतकी वर्षं तेच करते. उद्या पेटलं-बिटलं म्हणजे?"

बुवांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि खुर्चीत बसले. जुन्या चिठ्ठ्याचपाट्या उघडून Z चा कुठं उल्लेख सापडतो का बघू, एवढंच मनात होतं. दोन मिनिटांत मशीन उठलं. मागच्या खोलीत कुणीतरी पुन्हा बिल्ड लावलं असावं, कारण चार मिनिटांनी तिथून कशावरूनबाईचा आवाज आला, "झालं! हिरवं झालं! बुवा, काय केलंत?"

बुवांनी काहीच केलं नव्हतं.

मग त्यांनी ती खिडकी उघडली जिथं दिसतं की आपल्या मशीनवरून कोण काय वाचतंय. एकच नाव होतं: सर्व्हर. तो बुवांच्या मशीनवरच्या एका फोल्डरमधून कोष्टक नेत होता. Z म्हणजे सर्व्हरमधला कप्पा नव्हता. Z म्हणजे बुवांचं टेबल.

कोष्टकाची फाइल उघडली. वरती एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली बुवांच्याच शब्दांत एक ओळ: 'तात्पुरतं. दोन दिवसांत हलवायचं.' सगळं आठवलं. काचवाल्यांकडून आलेल्या कोष्टकात जाड काचांचे आकडे चुकले होते. बुवांनी ते बसून दुरुस्त केले. सर्व्हरच्या डिस्कवर तेव्हा जागा नव्हती, म्हणून त्याला सांगितलं, आत्तापुरतं माझ्याकडून घे. सर्व्हर बिचारा आज्ञाधारक. घेत राहिला. ज्या दिवशी बुवा नाहीत त्या दिवशी बॅग नाही, बॅग नाही म्हणून मावशी मशीन बंद करणार, मशीन बंद म्हणून कोष्टक नाही. आणि बुवा आले की आधी मशीन चालू करणार, मग चहा घेणार, तेवढ्यात मशीन उठणार, आणि मग हे जाऊन पंजा ठेवणार. रोग लावणाराही हाच आणि बरा करणाराही हाच, आणि दोघांचीही एकमेकांशी ओळख नाही.

बुवांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. साधा हात होता. करंगळीजवळ शाईचा डाग.

दाराशी बाई उभी होती. "कसं झालं?"

"झालं," बुवा म्हणाले. "कधी कधी वेळ लागतो गुण यायला."

"कशावरून?"

"कामं पडलीत, बाई."

बुधवारी दुपारी बुवांनी नव्या मशीनवरची शेवटची एररही काढली. खरं म्हणजे कोष्टक उचलून सगळ्यांच्या सामाईक साठ्यात, बाकीच्या ओळींच्या शेजारी ठेवायचं, एवढंच काम होतं. पाच मिनिटं. बुवांनी दुसरं काम केलं, तेही पाचच मिनिटांचं. नव्या मशीनला सांगितलं, कोष्टक माझ्या टेबलावरून घे. बिल्ड हिरवं. मीटिंगच्या खोलीत टाळ्या. बाई पहिल्यांदाच हसताना दिसली.

बुवांचा हिशेब सरळ होता. शुक्रवारी आपण रजेवर. खुर्चीला बॅग नाही. मावशी मशीन बंद करतील. दहाला लाल. गिऱ्हाइकासमोर पळापळ, फोन, आपण रिक्षा करून येणार, मशीन चालू, चहा, पंजा. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं निघून गेली असती. मुख्य म्हणजे यात बुवांना काहीच करायचं नव्हतं. पाप म्हणावं तर कुणी केलं, तेही सांगता येऊ नये इतकं स्वच्छ. बाईचं वाईट वाटत होतं, पण बाई हुशार होती, तिला कुठंही काम मिळालं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत माणसाला अशी खात्री पटकन वाटते.

गुरुवारीही हिरवं. चारच्या सुमाराला मावशी कचऱ्याचे डबे उचलायला आल्या आणि बुवांच्या टेबलाशी रेंगाळल्या.

"दादा, एक विचारू? काल मी मशीन बंद केलं म्हणून ते मागचं मोडलं होतं ना?"

बुवांनी आजूबाजूला पाहिलं. "कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? मी बंद केलं, बोंब झाली. तुम्ही चालू केलं, बोंब थांबली. माझ्या घरी नळाचं पण असंच आहे, वरचीनं चालू केला की माझा बंद." मावशींनी डबा खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं मोडायचं ते माझ्या हातानं. मग हातगुण माझाच की, दादा! तुम्ही नुसते मागून यायचे."

बुवांना हसू आलं.

"मग उद्याचं काय?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही रजेवर ना? चष्म्यावाल्या बाई सांगत होत्या, उद्या चाललं तर त्या पक्क्या. त्यांची आई असते त्यांच्याजवळ, अंथरुणात. मग मी उद्या बंद नाही करत. राहू दे चालू."

"नको," बुवा पटकन म्हणाले.

"नको? बंद करू?"

आता आली का पंचाईत! कालपर्यंत बुवांना काहीच करायचं नव्हतं. गोष्ट आपोआप घडणार होती. आता मावशी फडकं खांद्यावर टाकून उभ्या होत्या आणि विचारत होत्या, बंद करू का? म्हणजे तोंडानं 'करा' म्हणायला लागणार. आणि उद्या बाई आपली वॉटर-बॉटल आणि टेबलावरचं कॅलेंडर पिशवीत भरताना मावशी बघणार, आणि परवा बुवांच्या टेबलाखालून फडकं ओढताना बुवांकडे बघणार. रोज. चार वर्षं.

"बसा मावशी दोन मिनिटं," बुवा म्हणाले.

"केर पडलाय."

"पडू दे. एकोणीस वर्षांचा आहे, दोन मिनिटांनी काय होतंय."

त्यांनी कोष्टक उचललं आणि सामाईक साठ्यात ठेवलं. नव्या मशीनचा आपल्या टेबलाशी बांधलेला धागा तोडला. जे बदलतो त्याची नोंद लिहायची असते. एरवी बुवा तिथं 'किरकोळ दुरुस्ती' लिहून मोकळे होत. आज बराच वेळ बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग लिहिलं: 'हे कोष्टक एकोणीस वर्षं माझ्या मशीनवरून जात होतं. दोन दिवसांसाठी ठेवलं होतं. मशीन बंद असलं की बिल्ड मोडायचं. हातात काही नव्हतं.' वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दिलं.

"मावशी, आता करा बंद."

मावशींच्या एका हातात डबा, दुसऱ्यात फडकं. त्यांनी कोपरानं बटण दाबलं. बुवा मीटिंगच्या खोलीत गेले, नव्या मशीनवर बिल्ड लावलं आणि दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. चार मिनिटं. हिरवं.

शुक्रवारी बुवा घरी सवयीनं सातला उठले, आंघोळ केली, बाहेर जायचे कपडे घातले, बूटही घातले आणि फोनसमोर बसले.

"रजा आहे ना?" बायको म्हणाली.

"आहे."

"मग बूट?"

"फोन येईल ना. नेहमी येतो."

साडेनऊ झाले. दहा झाले. सव्वादहाला बायकोनं फोन उचलून कानाला लावून पाहिला आणि ठेवला. "चालू आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडावरची काळजी बुवांना बघवेना. अकराला त्यांनी स्वतःच ऑफिसला फोन लावला.

"माझी छत्री राहिलीये का बघता का?"

"हिरवं," पलीकडून कशावरूनबाई म्हणाली. "दहा वाजून चार मिनिटांनी. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. छत्री नाहीये इथं."

"बरं."

"बुवा, तुमची नोंद वाचली मी."

त्या साठ्यातल्या नोंदी वाचणारी कंपनीत ती एकटीच होती, हे त्यांना लिहितानाच ठाऊक असायला हवं होतं.

"त्यातलं शेवटचं वाक्य चूक आहे," ती म्हणाली. "त्या कोष्टकात जाड काचांचे एकशे आठ आकडे हातानं दुरुस्त केलेत. मी काल रात्री घरी बसून सगळे पडताळले. एकही चुकलेला नाही. हातात काही नव्हतं, हे कशावरून?"

बुवांनी फोन ठेवला, बूट काढले आणि बायकोला सगळं सांगितलं, दाराजवळच्या टेबलासकट. ती म्हणाली, "म्हणजे बाबा गेले त्या दिवशी तुम्ही नुसतं बटण दाबायला गेला होता?"

"हो."

"आणि मला वाटलं..." तिनं वाक्य अर्धवट सोडलं आणि दुरुस्तीहून आलेला मिक्सर उगाच पुसायला घेतला. "आता रविवारी धाकटीला तुम्हीच सांगा. माझ्यानं नाही व्हायचं."

धाकटीला बुवांनी सांगितलं. ती हसली, मग थांबली आणि म्हणाली, "भावजी, एवढंच होतं तर यांना एकोणीस वर्षांत कळलं कसं नाही हो?" थोरलीनं मान वर केली. त्या दिवसापासून दोघी बहिणींचं पुन्हा बरं जमायला लागलं. विषय मालक असला की कुठल्याही दोन बहिणींचं जमतं.

मालकाला काही पटलं नाही. बुवांनी त्याला सोमवारी सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मालकानं ऐकलं, बुवांच्या खांद्यावर थोपटलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की साडूभाऊंनी जाता जाता शेवटचा हात असा लावला की मशीन कायमचं बरं झालं, आणि वर माणूस इतका विनयशील की आपलं नावही घेऊ देत नाही. टाळ्या झाल्या. कशावरूनबाई पक्की झाली. बुवांना दाराजवळच्या टेबलावर बसवलं. विनयशील माणसाला तिथं बसायला काही हरकत नसते.

बुवांनी खुर्चीला बॅग अडकवली. पहिला फोन साडेदहाला आला. एका कारखान्यातला काचा घासणारा माणूस तावातावानं बोलत होता, काल संध्याकाळपर्यंत सगळं ठणठणीत होतं, सकाळपासून यंत्र काच घेतच नाही, तुमचा प्रोग्राम म्हणजे निव्वळ डोक्याला ताप.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सकाळी तिथला केर कुणी काढला?"

"काय संबंध?"

"विचारा तर खरं."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, लांबवर हाका, कुणाचंतरी 'मी फक्त ती वायर बाजूला केली' असं चिडलेलं उत्तर. मग यंत्राची घरघर सुरू झाली.

"साहेब," तो माणूस परत आला तेव्हा त्याचा सूर पालटला होता, "तुम्ही न बघता कसं ओळखलंत?"

बुवा सांगणार होते. पण तेवढ्यात बाजूनं जाणारा मालक थबकला, त्यानं छत्री बुवांच्या टेबलाशी झटकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? यांच्या आवाजालाही गुण आहे."

दाराशी फडकं पिळत बसलेल्या मावशींनी बुवांकडे पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या की बादली लवंडली.